अनपेक्षित मनीऑर्डर आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या साखरखेर्डा येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कार्यवाहांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयही त्यांनीच सुचविला. गेल्या वर्षभरात मंडळाकडे काही कुटुंबांनी एकच विचारणा केली : न मागता, न कळविता, कोणाकडून आले हे न समजता पैसे हाती आले, तर त्यांचे काय करावे? पूर्वी असे पैसे पोस्टमन मनीऑर्डरीने आणून देई. आता ते मोबाइलवरील एका ओळीच्या संदेशाने कळतात. साधन पालटले, प्रश्न मात्र तोच राहिला. आम्ही आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविली. तेव्हा हा हिशेब आमच्या आवाक्यातला आहे, असे समजून आपण दोन घटका ऐकून घ्यावे, ही विनंती.

ज्या गावी आपण आज जमलो आहोत, त्या गावाच्या इतिहासातही मालकीचा एक मोठा तंटा आहे. १७२४ साली येथेच निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. दख्खनची सुभेदारी कोणाची, हा वाद होता. दिल्लीच्या बादशाहाचा कौल मुबारिझखानाच्या बाजूस होता. परंतु मैदान निजामाने मारले, मुबारिझखान पडला आणि सुभेदारी निजामाकडे राहिली. ह्या गावास पुढे फत्तेखेर्डा असे नाव मिळाले, ते ह्या विजयामुळेच. राज्यांच्या व्यवहारात ज्याच्या हाती पडेल त्याचे, असा न्याय चालत असेल. गृहस्थाच्या व्यवहारात तो चालत नाही. गृहस्थाला हाती आलेली वस्तू कोणाची, हे आधी विचारावे लागते. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच. पुढचा सारा विस्तार ह्या एका वाक्याचा आहे.

मनीऑर्डर येण्यापूर्वी आपल्याकडे हुंडीचा व्यवहार होता. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदतीची हुंडी मुदत भरल्यावर वटे. शाहजोग हुंडीचे पैसे मात्र पेढीवर ओळख व पत असलेल्या शाहालाच, म्हणजे प्रतिष्ठित सावकारालाच, दिले जात. हेतू असा की, पुढेमागे हुंडी खोटी निघाली किंवा पैसे भलत्याच्या हाती गेले, तर ज्याने ते घेतले त्याचे दार ठोठावता यावे. आपण आज 'शहाजोग' हा शब्द उपहासाने, वरवर सभ्यपणा दाखविणाऱ्यास लावतो. परंतु त्याच्या मुळाशी हा पतीचा व्यवहार आहे. पैसे घेणारा कोण, हे ठाऊक असल्यावाचून पैसे हलू नयेत, हे शहाणपण आपल्या वाडवडिलांना शाळेवाचून अवगत होते.

१ जानेवारी १८८० पासून हिंदुस्थानच्या टपालखात्याने मनीऑर्डरीचे काम अंगावर घेतले. मग पेढीची ओळख नसलेल्या गरिबासही आपल्या घरी पैसे धाडता येऊ लागले. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोकणी माणसाच्या मनीऑर्डरीवर रत्नागिरीकडची किती घरे चालली, हे सर्वश्रुत आहे. आपल्या वऱ्हाडातूनही कोणी फौजेत, कोणी सुरतेस, कोणी पुण्यामुंबईस गेला आणि महिन्याच्या महिन्यास त्याच्या घरी पोस्टमनची वाट पाहिली जाऊ लागली. शेवटच्या काळात वीस रुपयांस एक रुपया, म्हणजे शेकडा पाच, असे कमिशन पडे. ते सोसूनही माणसे मनीऑर्डर करीत, कारण पैसे थेट दारात पोहोचत.

ह्या मनीऑर्डरीचा कागद आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यावर पाठविणाराचे नाव-पत्ता असे, घेणाराचे नाव-पत्ता असे, रक्कम आकड्यांत व अक्षरांत असे. खाली एक कुपन असे व त्यावर चार शब्दांचा निरोप लिहिता येई. घेणाराने सही केली की, पोचेचा तुकडा पाठविणाराकडे परत जाई. सही न येणाराचा अंगठा घेत आणि त्यास साक्षीदार लागे. खेड्यात तो साक्षीदार बहुधा शाळामास्तर असे. म्हणून आम्ही अशा अनेक अंगठ्यांखाली सही केली आहे. आमच्या मते तो कागद म्हणजे एक लहानशी नीतिपाठमालाच होती. कोणी दिले, कोणास दिले, कशासाठी दिले आणि ते पोहोचले काय, ह्या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असल्याशिवाय एक रुपयाही हातचा सुटत नसे.

आता एक अनुभव निवेदन करतो. आमच्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही मेहकर तालुक्यातील एका खेड्यात होतो. तेथील एका वृद्ध विधवा बाईंचा मुलगा बैलजोडी विकण्यावरून भांडून घर सोडून गेला होता. दोन वर्षे त्याचे पत्र नव्हते. एके दिवशी बाईंच्या नावे दीडशे रुपयांची मनीऑर्डर आली. पत्ता बरोबर, नाव बरोबर. परंतु पाठविणारा सुरतेचा कोणी अपरिचित गृहस्थ आणि कुपन कोरे. पोस्टमन बाईंना घेऊन शाळेत आला. बाई आम्हांस म्हणाल्या, "गुरुजी, या नावाचं मपलं कोणीच न्हाई. मंग हे पैसे मपले कसे?"

गावात लगोलग दोन पक्ष झाले. एक पक्ष म्हणे, लक्ष्मी दारी आली आहे, तिला पाठ दाखवू नये. घ्यावे, खर्चावे, गप्प बसावे. दुसरा म्हणे, हे कोणाचे तरी जाळे आहे, उद्या कोणी कर्जाचा दावा घेऊन उभा राहील. नाकारावे आणि मोकळे व्हावे. दोन्ही पक्ष आपापल्या परीने बाईंचे हितच पाहत होते. बाईंनी मात्र तिसराच मार्ग धरला. त्यांनी अंगठा उठविला, आम्ही साक्ष घातली. नोटा आणि कुपन एकाच फडक्यात बांधून त्यांनी देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवले आणि आम्हांस सांगितले, "त्या मानसाला कागद टाका. पैसे कशाचे, ते इचारा." घरात त्या वेळी मीठमिरचीचीही ओढ होती, तरी त्यांनी त्या फडक्याची गाठ सोडली नाही.

आम्ही पोस्टकार्ड टाकले. सुमारे पंधरा दिवसांनी उत्तर आले. पैसे मुलाचेच होते. तो काविळीने अंथरुणास खिळला होता, पोस्टापर्यंत जाण्याचे त्राण त्यास नव्हते. आपल्या मजुरीतून साठविलेले पैसे आईस धाडण्यास त्याने खोलीतील सोबत्यास सांगितले आणि त्या भोळ्या सोबत्याने पाठविणाराच्या जागी स्वतःचे नाव लिहिले. पत्र मिळताच बाईंचा पुतण्या सुरतेस गेला आणि मुलास घरी घेऊन आला. तो बरा झाला आणि पुढे गावातच राहिला.

बंधुभगिनींनो, ह्या प्रसंगाचा थोडा विचार करावा. बाईंनी मनीऑर्डर नाकारली असती, तर ती सुरतेस परत गेली असती आणि आईने आपल्याला अखेरचे नाकारले, असे त्या आजारी मुलास वाटले असते. बाईंनी पैसे मुकाट्याने खर्च केले असते, तर मुलगा आजारी आहे हे कोणास कळलेच नसते. अविचाराने घेणे आणि अविचाराने नाकारणे, ह्या दोन्ही वाटांनी मूल हातचे गेले असते. ते वाचले एका प्रश्नाने आणि एका पोस्टकार्डाने. अनपेक्षित पैशामागे नेहमी कोणी तरी माणूस उभा असतो. तो आपल्या प्रेमाचा असेल, चुकलेला असेल, नाडलेला असेल किंवा लबाड असेल. परंतु असतो खास. पैशाकडे पाहण्यापूर्वी त्या माणसाकडे पाहावे.

आपल्या संतपरंपरेतही ह्या विषयाची एक कथा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांस मोकळी केली. त्या धान्याचे मोल विठूच्या रूपाने पांडुरंगाने बेदरच्या दरबारी भरले आणि पावती दामाजीपंतांच्या गीतेच्या पोथीत आणून ठेविली, अशी ती कथा. आपण कीर्तनात ती ऐकतो आणि देवाच्या कृपेने सद्गदित होतो, ते योग्यच आहे. परंतु दामाजीपंतांचे वर्तनही पाहावे. संकट टळले, आता आनंद करू, असे ते म्हणाले नाहीत. माझ्यासाठी हे पैसे कोणी भरले, हाच त्यांचा पहिला प्रश्न होता आणि उत्तर उमगल्यावर त्यांनी चाकरी सोडून उरले आयुष्य त्या देणाराच्या चरणी वाहिले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : कथेतल्या देवानेसुद्धा पावती घेतली!

आता कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांचा समज असा की, चूक पाठविणाराची असल्यास घेणारावर जबाबदारी नाही. हा समज निराधार आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम ७२ स्पष्ट सांगते की, ज्यास चुकीने अथवा जबरदस्तीमुळे पैसे दिले गेले, त्याने ते परत केले पाहिजेत. मनीऑर्डरीपुरता १८९८ च्या टपाल अधिनियमात आणखी कडक नियम होता. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसे असणे आपल्या भागात नवल नाही. एकाची मनीऑर्डर दुसऱ्यास दिली गेली आणि त्याने योग्य कारणावाचून ती परत केली नाही, तर कलम ४७ प्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येई. तो अधिनियम जाऊन २०२३ चा नवा टपाल अधिनियम १८ जून २०२४ पासून अंमलात आला आहे; तथापि दुसऱ्याचे पैसे ठेवून घेण्याची मुभा कोणत्याही नव्या कायद्याने दिलेली नाही. दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे आपलीशी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. सापडलेली वस्तू मालकाचा वाजवी शोध न घेता वापरणाराही त्यात सापडू शकतो. तात्पर्य, मेहकर तालुक्यातल्या त्या निरक्षर बाईंनी जे सहज केले, तेच कायदाही सांगतो : शोध घ्या, तोवर जपून ठेवा.

टपालखात्याने २००८ साली इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डर सुरू केली आणि २०१५ च्या एप्रिलात जुनी कागदी मनीऑर्डर बंद झाली. आता बहुतेक पैसे थेट खात्यात येतात. ह्यात सोय मोठी आहे, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण पोस्टमन दारात उभा राहून जे विचारी, ते आता कोणी विचारीत नाही. अंगठा नाही, साक्षीदार नाही, कुपन नाही. म्हणून ते चार प्रश्न आपणच आपणांस विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

पैठण तालुक्यातील एका शेतकऱ्याची हकीकत वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचली असेल. २०२१ साली त्यांच्या जनधन खात्यात सुमारे १५ लाख रुपये जमा झाले. निवडणुकीच्या काळापासून कानावर असलेल्या पंधरा लाखांचेच हे पैसे, अशी त्यांची भाबडी समजूत झाली. त्यांनी पंतप्रधानांस आभाराचे पत्र पाठविले आणि सुमारे ९ लाख रुपये घर बांधण्यात घातले. काही महिन्यांनी बँकेचे पत्र आले की, ती रक्कम एका ग्रामपंचायतीची असून चुकीने ह्या खात्यात आली. ती परत करावी. ह्या गृहस्थांस हसणारे पुष्कळ निघाले. आम्हांस हसू येत नाही. चूक करणारे त्यांच्याहून शिकलेले होते. परंतु बँकेत जाऊन हे पैसे कोणी, कशासाठी धाडले, एवढा एक प्रश्न विचारला गेला असता, तर एका कष्टाळू कुटुंबाच्या डोक्यावर लाखोंचे ओझे पडले नसते आणि एका गावाच्या कामाचे पैसेही अडकले नसते.

सरकारी अनुदानांचेही असेच आहे. पीएम-किसान योजनेत वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांत जमा होतात. परंतु आयकर भरणाऱ्या कुटुंबास तो लाभ नाही. आपल्या राज्यात अशा अनेक खातेदारांना तहसील कार्यालयाच्या नोटिसा आल्या आणि घेतलेली रक्कम भरावी लागली. आपल्या समाजात नोकरी व शेती दोन्ही असलेली घरे पुष्कळ आहेत. 'सरकारने दिले, आम्ही मागितले नव्हते' असे म्हणून सुटका होत नाही. ज्या पैशावर आपला हक्क नाही, तो सरकारी असला तरी कोणा हक्कदाराच्या वाट्याचाच असतो.

ह्यापेक्षाही गंभीर गोष्ट आमच्या तरुण मुलांविषयी आहे. आजकाल कोणाच्या खात्यात अकस्मात पाच-दहा हजार येतात आणि लगेच फोन येतो : 'चुकून आले, दवाखान्यात माणूस आहे, ह्या क्रमांकावर ताबडतोब परत धाडा.' आपण दयाळू माणसे, लगेच धाडतो. पुष्कळदा मुळात पैसे आलेलेच नसतात. आलेला संदेश बनावट असतो आणि जाते ती आपलीच रक्कम. कधी पैसे खरोखर आलेले असतात, पण ते तिसऱ्याच कोणाचे चोरलेले असतात. आपण ते चोराच्या दुसऱ्या खात्यात पोहोचवितो आणि पोलिसांच्या तपासात आपलेच खाते गोठते. काही ठिकाणी न मागितलेले कर्ज खात्यात टाकून दुप्पट वसुलीचा तगादा लावतात. आणखी काहीजण विद्यार्थ्यांना म्हणतात, 'तुझे खाते वापरू दे, शेकडा इतके तुला.' आई-बापांनो, हे शेकडा म्हणजे चोरीतला वाटा होय. त्या पैशामागे कोणा निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी असते, कोणा मुलीच्या लग्नासाठी राखलेली रक्कम असते. आपल्या ज्ञातीतील एकाही मुलाचे नाव अशा प्रकरणात येऊ नये, ही आमची कळकळीची इच्छा आहे.

तेव्हा व्यवहारात काय करावे, ते अनुक्रमाने सांगतो. प्रथम, पैसे खरोखर आले काय, हे संदेशावरून न ठरविता पासबुकावर अथवा बँकेच्या नोंदीत पाहावे. दुसरे, ती रक्कम खर्चू नये आणि फोन करणाराच्या सांगण्यावरून कोठेही धाडू नये. तिसरे, आपल्या बँकेच्या किंवा पोस्टाच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा, 'ही रक्कम आमची नाही, ज्याची असेल त्यास आपल्यामार्फत परत करावी' असे लिहावे आणि अर्जाची पोच घ्यावी. खरा चुकलेला माणूसही आपल्या बँकेमार्फत पैसे मागू शकतो; म्हणून आपल्या नकारामुळे त्याचे अहित होत नाही. चौथे, पैसे घेण्यासाठी पिन घालावा लागत नाही, हे घरातील वृद्धांना पुनःपुन्हा सांगावे. पाचवे, फसवणूक झाल्याचे वाटताच लाजेखातर गप्प न बसता १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

ह्याच्या उलट बाजूचेही भान असावे. पाठविणारा आपलाच कोणी निघाला, दूर गेलेला भाऊ, रुसलेला मुलगा, जुने ऋण फेडणारा मित्र, तर त्यास पोच द्यावी. पैसे मिळाले, एवढे दोन शब्द पुरतात. पूर्वी ते काम पोचेचा तुकडा करी. आता आपण केले नाही, तर कोणीच करीत नाही. आपल्या घरांतील कितीतरी मुले पुण्यास, मुंबईस, परदेशी आहेत. त्यांचे पैसे खात्यात वेळेवर पडतात आणि महिनोन्महिने बोलणे होत नाही. आम्ही तर म्हणू की, ठरलेले पैसे आले तरी पाठविणारा कसा आहे, हे विचारण्याचा प्रघात घराघरांत पडावा.

शेवटी मंडळाविषयी दोन शब्द. आपल्या शिष्यवृत्ती निधीस कधी कधी नाव-पत्ता नसलेल्या देणग्या येतात. गुप्तदानास आपल्या धर्मात मोठा मान आहे आणि दात्याचा संकोच आम्ही समजू शकतो. तथापि सार्वजनिक निधीचा हिशेब तपासला जातो आणि निनावी देणग्यांस आयकराचे नियमही वेगळे आहेत. म्हणून आमची सूचना अशी की, अशी रक्कम प्रथम अनामत खाती स्वतंत्र दाखवावी, दात्याचा बँकेमार्फत शोध घ्यावा आणि रक्कम व तारीख स्मरणिकेत छापावी. दात्यास नाव प्रकट करावयाचे नसेल, तर त्याने ते कोषाध्यक्षांस तेवढे कळवावे. जाहिरात करू नये. गरीब विद्यार्थ्याच्या हाती जाणारा रुपया कोठून आला, हे सांगता आले पाहिजे. त्याच्या शिक्षणाच्या पायात संशयाचा एकही दगड नको.

एवंच, न मागता आलेल्या पैशास भिऊ नये आणि भुलूही नये. तो जपून ठेवावा, कोणाचा हे विचारावे, आणि आपला नसेल तर ज्याचा त्यास योग्य मार्गाने पोहोचवावा. प्रत्येक कुटुंबाने ह्या वर्षी घरातील एका वृद्धास आणि एका विद्यार्थ्यास जवळ बसवून एवढी गोष्ट समजावून द्यावी, अशी प्रार्थना आहे.